नामादादाचं तिसरं घर

माझा चुलतभाऊ नामादादा फोनवर 'बरं' हा शब्द चालवून घेत नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? अहो, 'बरं' बंद झालं तर निम्म्या महाराष्ट्राचे संसार उद्या सकाळी मोडतील. बायको बोलते, नवरा पेपरामागून 'बरं' म्हणतो आणि दोघंही सुखी राहतात. नामादादाशी मात्र तशी सोय नाही.

फोन येतो. "विलास, शनिवारी सकाळी दहाच्या जीपनं मुरबाडला येतोय. आईचं गुडघ्याचं औषध घेऊन ठेव."

"बरं."

"बरं काय बरं? काय पोचलं ते सांग."

"अरे, कळलं मला."

"तुला काय कळलं ते मला कसं कळनार? तू बोल, मी ऐकतो."

मग मी, मुरबाडच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ चालवणारा, गणपतीतल्या नाटकात राजाच्या भूमिकेशिवाय दुसरी भूमिका न स्वीकारणारा पन्नाशीचा माणूस, भर दुकानात पाढे म्हटल्यासारखा म्हणतो, "शनिवार. सकाळी दहाची जीप. नामादादा येणार. काकूचं गुडघ्याचं औषध आणून ठेवायचं." समोर पासपोर्ट फोटोसाठी मान ताठ करून बसलेलं गिऱ्हाईक हसतं. फोटो बिघडतो.

"आता पोचलं म्हण," तिकडून हुकूम.

"पोचलं," मी शरमेनं पुटपुटतो, तेव्हा कुठे फोन बंद होतो.

एकदा मी सूड उगवायचं ठरवलं. म्हटलं, "दादा, तुझा निरोप मला पोचला. मी 'पोचलं' म्हणालो ते तुला पोचलं?"

"पोचलं."

"पण ते तुला पोचलं हे मला पोचलं की नाही, हे तुला कसं पोचणार?"

मला वाटलं रेंज गेली. मग अगदी खोल गेलेल्या आवाजात दादा म्हणाला, "विलास, हे तू मुद्दाम इचारलंस का सहज?"

"सहज."

"याला उत्तर नाय रे. कितीही वेळा पोचलं पोचलं म्हण, शेवटचा जो बोलतो त्याला शंका राहतेच. मोठमोठ्या डोक्यांनी नाद सोडलाय."

त्यानंतर आठवडाभर त्याचा फोन आला नाही. लहान पोराला देव नसतो असं सांगून बसल्यासारखं मला वाटलं.

*

नामादादा किन्हवलीला राहतो. घरात तो आणि त्याची आई, म्हणजे माझी काकू. लग्न केलं नाही. लग्नासाठी दोघांचं जुळावं लागतं. आमच्या दादाच्या बाबतीत गावातल्या वीसेक मध्यस्थांचं जुळलं, पण त्या दोघांचं कधी जुळलं नाही. तो कंप्युटरवाला आहे. आधी ठाण्याला ऑफिसात जायचा, हल्ली माजघरात टेबल टाकून तिथूनच काम करतो. डोक्यावर कणगीची सावली, खाली मांजर आणि समोर तीन शहरांतली तीन मशीनं.

ही तीन मशीनं म्हणजे काय ते मी त्याला एकदा विचारलं होतं. चूक केली. पण समजलं, हेही खरं.

"समज, आपल्याकडं एक महत्त्वाची गोष्ट हाय," तो म्हणाला. "ती एकाच घरात ठेवली आणि ते घर जळलं तर?"

"गेली."

"म्हनून ती तीन घरांत ठेवायची. किन्हवलीत आमच्याकडं, मुरबाडला तुझ्याकडं, डोळखांबला आक्काकडं. आता ती गोष्ट बदलली. तिघांना सांगायला पायजे. पन डोळखांबला रेंज नाय. मग?"

"मग थांबायचं."

"कुठवर? कधी ना कधी एक घर बंदच असतं. सगळ्यांसाठी थांबलास तर काम कधी होनारच नाय. म्हनून तिघांतल्या दोघांचं जुळलं की झालं. दोघंच का? कारन तिघांतले कुठलेपन दोघं परत बोलाव, त्यात एक तरी असा सापडतो ज्याला शेवटचं ठाऊक हाय."

मी बोटांवर करून बघितलं. खरंच सापडतो.

"आनि जो झोपला व्हता, त्यानं उठल्या उठल्या तोंड उघडायचं नाय. आधी इचारायचं, माझ्या मागं काय काय झालं? ते सगळं त्याला पयल्यापासून क्रमानं सांगायचं. मधलं गाळायचं नाय. मगच त्याच्या मताला किंमत."

इतकं सुंदर सांगून तो तिथेच थांबला असता तर मी त्याच्या नावाचा फलक लावला असता. पण दादानं हे मशीनांपुरतं ठेवलं नाही. तो तसा जगू लागला, आणि आम्हाला तोंड लपवायची पाळी आली.

मुरबाडच्या एसटी स्टँडवर त्याच्याबरोबर उभं राहून बघा. "किन्हवली गाडी गेली का?" एकाला विचारतो. तो म्हणतो, गेली. लगेच त्याच्यासमोरच दुसऱ्याला विचारतो. तो म्हणतो, नाही गेली. मग तिसऱ्याला. पहिला माणूस चिडतो, "अहो, मी काय खोटं बोलतो का?" दादा शांतपणे म्हणतो, "नाय नाय, तुमी खरंच बोलताय. पन तुमी मघाशी चहाला गेलावता." त्या माणसाच्या शर्टावर चहाचा डाग असतो. मी अशा वेळी जाहिरातीच्या फलकामागे जाऊन तो फार मन लावून वाचतो. मुरबाड स्टँडवर लागलेल्या झाडून साऱ्या मूळव्याधीच्या डॉक्टरांची नावं मला पाठ आहेत.

पण स्टँडवरची शरम परवडली. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यानं केलं ते ऐका.

पाहुणे कल्याणहून आलेले, बरेच शिष्ट. बोलणी झालेली होती. आता फक्त वडीलधाऱ्यांनी होकार उच्चारायचा, पेढा तोंडात घालायचा आणि पंगत मांडायची. माझ्या बाजूनं वडीलधारा म्हणजे नामादादा. तो उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "आधी फक्त तयारी इचारतो. होकार नंतर. तयार हाय का एवढंच सांगा. पेढा हातात धरा. खाऊ नका."

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. सगळ्यांनी पेढे हातात धरले. दादा एकेकाला विचारत निघाला. मुलीची आई, तयार. मुलाचे वडील, तयार. मुलगा तर केव्हाचा तयार. मुलाचा मामा? मामा जागेवर नाही. तो तंबाखू मळायला बाहेर गेला होता, तिथून कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून पेट्रोल भरायला गेला.

"चला, मामा येईल, पेढा देऊन टाका," मुलाचे वडील म्हणाले.

"नाय," दादा म्हणाला. "इथं दोघांत भागत नाय. लग्नाला सगळेच लागतात. आता तुमी तयार म्हनून बसलाव, म्हंजे खाताबी येनार नाय आनि मागंबी फिरता येनार नाय. धरून ठेवा."

एप्रिल महिना. पंख्याला वीज नाही. तीस माणसं हातात पेढा धरून बसलेली आणि पेढा हळूहळू बोटांतून खाली चाललेला. एका म्हातारीनं चोरून चाटला तर दादानं तिच्याकडे असं बघितलं की तिनं हात पाठीमागे घेतला. माझी बायको शैला माझ्या कानात म्हणाली, "भाऊजींना आवरा, नायतर मी विहिरीत उडी मारते." मी म्हटलं, "तू आधी मार, जागा धरून ठेव."

मामा आला. त्याला विचारलं. तो म्हणाला, "म्हणजे अजून झालं नाय?" मग दादानं दोन्ही हात वर करून, तहाची घोषणा करावी तसं जाहीर केलं, "सगळे तयार. आता होकार. आता खा!" खायला पेढा उरला नव्हता. सगळ्यांनी बोटं चाटली. व्याही आजही मला भेटले की आधी हात धुतात.

*

इतकं हसून झाल्यावर आता जरा अवघड भाग.

तीन घरं, असं दादा म्हणायचा. किन्हवली, मुरबाड, डोळखांब. घरातली कुठलीही गोष्ट असो, काकूचं डॉक्टर बदलणं असो की म्हशीचं विकणं, तो तिन्ही घरांना फोन करायचा. पहिला फोन डोळखांबला, त्याच्या थोरल्या बहिणीला, सुमनआक्काला. रेंज असली तर तो वाजायचा. वाजून बंद व्हायचा. मग दुसरा मला. मी 'पोचलं' म्हटलं की दोघांचं जुळायचं आणि काम पुढे जायचं. पण पुढच्या खेपेलाही पहिला फोन डोळखांबलाच. मी एकदा म्हटलं, "उचलत नाही तर कशाला करतोस?" तो म्हणाला, "घर बंद हाय. मोडलं नाय."

ते बंद का पडलं ते सगळ्या भावकीला ठाऊक होतं.

दादाचे वडील, आमचे तात्या, काही वर्षांपूर्वी कार्तिकात पहाटे गेले. अचानक. सगळं बघायला दादा एकटा, काकू ओरडतेय, शेजारी धावलेत. दादानं आक्काच्या मुलाच्या फोनवर निरोप टाकला. आक्काचं घर डोळखांबच्याही पुढे, पाड्यावर. तिथे घरात रेंज येत नाही. टेकडीवर पाण्याची टाकी आहे, तिच्याजवळ चढून गेलं तर येते. सकाळी जमलेल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "सुमनला कळवलं का रे?" दादा म्हणाला, "कळवलं."

आमच्याकडे लेकीनं बापाचं शेवटचं तोंड बघितल्याशिवाय उचलत नाहीत. दुपारपर्यंत थांबले. ऊन वाढलं. कुणीतरी म्हणालं, "कळवलंय तर येईल ना. नाय आली म्हंजे काय अडचण असेल तिची." आणि उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का जीपमधून उतरली. डोक्यावर कोनफळांची पिशवी. तात्यांना कोनफळाची भाजी जीव की प्राण. फाटकापासूनच तिनं हाक मारली, "तात्या, बघा काय आनलंय!" अंगणात आम्ही सगळे बसलेलो. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत पुढे आली. मग तिला ओट्यावरचा दिवा दिसला.

तिला सांगितलं असं कुणीच नाही. तिनं बघितलं, एवढंच.

पुढे रेंजचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "रेंज नव्हती ते मला ठाऊक हाय. मी तिथंच राहते. पन 'कळवलं' कशाला बोलला? गाडी व्हती, मानसं व्हती, एकाला पाठवायचं व्हतं." तेरावं झालं आणि ती गेली. त्यानंतर किन्हवलीच्या उंबऱ्याला तिचा पाय लागला नाही. काकूशी बोलायची ती, पण दादाच्या नव्हे, किन्हवलीच्या शेजारणीच्या फोनवर.

आणि दादाचं 'पोचलं म्हण' सुरू झालं ते त्या कार्तिकानंतर. हे मी कधी जोडून बघितलं नव्हतं. मी नकला करण्यात गुंतलो होतो.

*

यंदा चैत्रात मसाल्याचा विषय निघाला. काकूचा मसाला म्हणजे आमच्या कुळाची इस्टेट. पूर्वी तिन्ही घरांच्या मिरच्या किन्हवलीच्या अंगणात एकत्र वाळायच्या आणि काकू पुढे, आम्ही मागे, असे सगळे डंकावर कुटायला जायचो. आक्का रुसल्यापासून ती तिचा वेगळा कुटायची. काकूचा आता हट्ट होता, "यंदा तिघांनी मिळून कुटा. पुढच्या वर्साचं मला इचारू नका." पण तिचे गुडघे गेलेले, आणि अलीकडे डोकंही दगा देऊ लागलेलं. दुधात मीठ घालायची आणि गोड झालंय म्हणायची.

मसाला कुठे लिहिलेला नाही. मी म्हटलं होतं, लिहून ठेव. दादा म्हणाला, "कागदाला उलटं इचारता येत नाय. तो जे बोलतो तेच बोलत राहतो." त्यामुळे दर वर्षी दादा फोनवर शैलाशी उजळणी करायचा. यंदाही सुरू झाली.

"धने?"

"चार किलो मिरच्यांना किलोभर धने, भाऊजी."

"जुळलं. दगडफूल?"

"दोन मुठी. काकूंच्या, माझ्या नव्हे."

"जुळलं. नागकेशर?"

"एक मूठ."

"नाय."

"नाय म्हणजे?"

"आपल्यात नागकेशर घालत नाय."

शैला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. फोनवर बोलत होती, पण उभी तशी राहिली. "भाऊजी, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या मसाल्यात काकूंनी माझ्या ओंजळीत नागकेशर ओतलंय. वास अजून आठवतो मला."

"तुझं एक मत. माझं एक मत."

"मग काकूंना विचारा!"

काकूला विचारलं. सकाळी ती म्हणाली, घालायचं. जेवल्यावर म्हणाली, नागकेशर कोन, आपल्यातली नाय ती. दादानं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी हसलो. तो हसला नाही.

"आईचं मत आता मोजायचं नाय," तो म्हणाला. "एकाला एक झालंय. दोघांचं जुळत नाय."

"मग रे?"

"तिसरं घर," तो म्हणाला. "फोन उचलत नाय. जावं लागंल. तू चल संगती."

"मी कशाला?"

"मला एकट्याला लाज वाटते."

पन्नास वर्षांत नामादादाला कशाची लाज वाटते हे मी पहिल्यांदा ऐकलं. आजवर ते खातं माझ्याकडे होतं.

*

दोन जीपा बदलून डोळखांब. दुसऱ्या जीपच्या ड्रायव्हरला दादानं विचारलं, पाड्याच्या फाट्याला थांबणार का. मग दोन उतारूंना विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "काका, स्टेरिंग माझ्या हातात हाय, त्यांच्या नाय. बसा गपचूप." सगळी जीप हसली. एरवी मी खिडकीबाहेरची झाडं मोजली असती. त्या दिवशी दादाच्या मांडीवरची पिशवी बघत होतो. दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

आक्का ओसरीवर सुपात वाल पाखडत बसली होती. केस पांढरे झालेले. आम्हाला बघून तिनं सूप थांबवलं नाही.

"ये विलास. शैला बरी? पोरगीचा साखरपुडा झाला म्हनं." मग सुपाकडे बघत, "याला काय पायजे?"

"आक्का, मसाल्याचं इचारायचंय," दादा उभ्या उभ्या म्हणाला. "एकाला एक झालंय. तुझं मत पायजे."

"कशाचं?"

तिनं विचारलं ना? मग सरळ सांगून टाकावं की नागकेशराचं. माणूस सांगून मोकळा होतो. पण हा आमचा नामादादा.

"तसं नाय इचारता येत," तो म्हणाला. "मधे बरंच झालंय. जो मागं राहिला त्याला आधी सगळं सांगायला लागतं. पयल्यापासून. मगच त्याचं मत."

मला धरणी दुभंगावी असं वाटलं. इतक्या वर्षांनी बहीण बोलतेय आणि हा तिला मशीन समजून नियम सांगतोय! मी त्याचा शर्ट मागून ओढला. "दादा, इथं नको," मी दातांतून म्हटलं.

त्यानं ऐकलं नाही. पिशवी खाली ठेवली, हात जोडले की बांधले ते मला कळलं नाही, आणि शाळेत उभं केल्यासारखा बोलू लागला.

"पयलं. तात्या गेले, आक्का."

सूप थांबलं.

"कार्तिकात. पहाटे. आदल्या रात्री नीट जेवले. मी उठलो तर त्यांना धड बोलवत नव्हतं. पानी मागितलं. मी दिलं, घोट गेला नाय. मग तुझं नाव घेतलं. सुमी आली का, बोलले. मी बोललो, येईल. मग गेले."

आक्कानं मान वर केली नाही. सुपातला एक वाल तिनं उचलला आणि तो नुसता चिमटीत धरून बसली.

"माझं कामच दिवसभर मला तेच सांगतं, की पाठवलं म्हंजे पोचलं नाय. आनि मी बोललो, कळवलं. इथं तुझ्या घरात तात्या एक दिवस जास्त जगले. तू रात्री कोनफळं काढलीस, त्यांच्यासाठी. मी..." त्यानं नाक पुसलं. "हे पयलं. आता दुसरं सांगू का?"

ओसरीवरच्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या होत्या, असं मी नाटकात लिहिलं असतं. खरं म्हणजे त्या भरपूर कलकलत होत्या आणि मला त्यांचा आधार वाटत होता, कारण माझं तोंड कुठे ठेवावं ते कळत नव्हतं.

"हे तू मला सांगितलं नव्हतंस," आक्का म्हणाली.

"नाय."

"कुनीच नव्हतं सांगितलं." मग चिमटीतला वाल सुपात टाकून, "पानी मागितलं व्हतं?"

"हां."

"आनि माझं नाव?"

"हां."

तिनं पदर डोळ्यांना लावला. मग सूप बाजूला सारून म्हणाली, "बस. उभा राहून कोन सांगतं? दुसरं सांग."

दादा बसला आणि सांगत गेला. दुसरं, म्हैस विकली. तिसरं, परसातलं जांभूळ वादळात पडलं, पण गोठ्यावर नाही पडलं. मग काकूचे गुडघे. संकेश्वरी मिरची फार जहाल निघाली म्हणून एका वर्षी निम्मी बेडगी घातली तो बदल. मधलं काहीही गाळलं नाही, मांजर व्यायली तेसुद्धा. आक्का मधूनमधून विचारत होती, "कुठलं जांभूळ? विहिरीकडलं?" चहा आला, गार झाला, परत आला. काकू हल्ली दुधात मीठ घालते, हे सांगताना त्याचा आवाज बारीक झाला. आक्का उठून आत गेली, लगेच बाहेर आली. साखरपुड्याच्या पेढ्याचं त्यानं अगदी थोडक्यात आटपलं. ते मी साग्रसंगीत करून दाखवलं. म्हातारीचा हात पाठीमागे गेला तिथे आक्का पहिल्यांदा हसली.

"झालं," दादा म्हणाला. "आता तू आमच्या बरोबरीला आलीस. आता इचारतो. आईच्या मसाल्यात नागकेशर पडतं का नाय?"

आक्का त्याच्याकडे बघतच राहिली. "येडा झालास काय रे नाम्या? नागकेशर नाय तर तो आईचा मसाला कसा? मूठभर पडतं. दर वर्सी ते निवडायला तूच बसायचास. काड्या काढून."

"म्हंजे दोघांचं जुळलं," दादा म्हणाला. "तुझं आनि शैलाचं. माझं चुकलं."

"आता ते डोळखांबला कुठं मिळनार? शहापुरास्नं आनायला लागंल."

दादानं पिशवी पुढे ओढली. आत हात घातला आणि मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण हात तसाच आत राहिला. आक्कानं त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि पुडी बाहेर काढली. उघडली. नागकेशर. निवडलेलं, एकही काडी नसलेलं.

मी दादाकडे बघितलं. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला चुकीची वेळसुद्धा सांगितली नाही, ज्याचं मसाल्याचं मत दर वर्षी बिनचूक जुळत आलं, त्यानं आपलंच मत मुद्दाम खोटं केलं होतं. एकाला एक होण्यासाठी. तिसऱ्या घरावाचून अडावं म्हणून.

त्याचे कान लाल झाले होते. "चुकून आनलं," तो म्हणाला.

"गप बस," आक्का म्हणाली, आणि पुडीचा वास घेत राहिली.

*

येताना ती फाट्यापर्यंत आली नाही, किन्हवलीला येते असंही म्हणाली नाही. जीपमध्ये मला त्याच्या साऱ्या नकला आठवत होत्या. शेवटची तर मागच्याच आठवड्यात केली होती, दुकानात, चार लोकांत, टाळ्या घेऊन.

किन्हवलीला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकू ओट्यावर बसली होती, "कोन आलं?" विचारत. दादा उत्तर देणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर नाव बघून तो तसाच उभा राहिला. मीच हात लांब करून फोन चालू केला.

वाऱ्याचा आवाज येत होता. धापही. म्हणजे ती टेकडी चढून टाकीजवळ गेली होती.

"पोचलाव का?" आक्कानं विचारलं.

मी म्हटलं, "आक्का, पोचलो गं."

"तू नको सांगू. त्याला बोलू दे."

"पोचलो," दादा म्हणाला.

"डंकावर कधी जायचं?"

"रविवारी," दादा म्हणाला, आणि मग त्याची गाडी सुरू झाली. "सकाळी. मिरच्या इथं वाळवल्यात, तू तुझ्या घेऊन ये, धने आनू नको, धने हायत. नऊला डंकावर नंबर लावतो. आई ओट्यावरनं बघेल."

"बरं," आक्का म्हणाली आणि फोन बंद झाला.

आता हा परत फोन लावणार. बरं काय बरं, काय पोचलं ते सांग. ती टेकडी उतरायला लागली असेल, रेंज गेली असेल, आणि हा रात्रभर फोन लावत बसणार.

दादानं फोन खिशात ठेवला आणि काकूला हात देऊन उठवू लागला.

"दादा," न राहवून मी म्हटलं, "पोचलं का ते नाही विचारलंस?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी विचित्र बोललो.

"आक्का बरं बोललीय ना," तो म्हणाला.